ओढून धरा आणि बोला

पन्नाशीला आल्यावर शिंपीणबाईंना धनुष्याची हुक्की आली, असं त्यांचा थोरला भाऊ सगळ्यांना सांगतो. हुक्की कसली, लहानपणापासून मनात होतं. आता मुलं मार्गी लागली, तेव्हा कुठे धनुष्यांच्या दुकानाची पायरी चढल्या. जडशीळ धनुष्य गळ्यात पडून फजिती झाली, तर पुन्हा हातात घ्यायची हिंमत व्हायची नाही, हेही त्या ओळखून होत्या.

दुकानात अर्थातच दादा पुढे. "पन्नास पौंड ओढीचं दाखवा. घ्यायचं तर दणदणीत घ्यावं. माझंही पन्नासचंच आहे."

म्हाताऱ्या कारागिराने ते काढून दिलं. "ओढून धरा आणि बोला. बाण लावलेला नाही, तेव्हा दोरी एकदम सोडायची नाही, हळूच परत आणायची."

"काय बोलू?" बाईंनी विचारलं.

"घरचं काहीही. बोलायला श्वास उरला, तर धनुष्य झेपतं."

बाईंनी होता नव्हता तेवढा जोर लावला. दोरी वीतभर मागे आली आणि तिथेच अडली. तोंडातून शब्दही फुटेना.

"होईल सवय," दादा म्हणाला.

कारागिराने त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. त्याने पंचवीस पौंडांचं, साधं लाकडी धनुष्य बाईंच्या हाती ठेवलं. या खेपेला दोरी गालापर्यंत आली.

"हा माझा दादा," बाई बोलू लागल्या. "परवा पँट घेऊन आला, म्हणे धुतल्यावर आटली. कापड कुठलं आटतंय, पोट सुटलंय. वर मलाच म्हणतो, तुझी टेप खोटी..."

"पुरे बाई, उतरवा आता," कारागीर हसत म्हणाला. "तुम्ही हेच घ्या." मग तो दादाकडे वळला. "आता तुम्ही."

दादाने ऐटीत पन्नासचं उचललं. त्याची दोरीही अर्ध्यावर अडली. तो लालबुंद झाला, पण बोलेना. शेवटी ते खाली ठेवून त्याने बहिणीचं धनुष्य मागून घेतलं, अलगद ओढलं आणि समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाला, "तीन वर्षं झाली. घरचं धनुष्य एकदाही पुरतं ओढता आलं नाही. तुला सांगायची लाज वाटली."

बाईंना इतका आनंद झाला की त्यांना डोळे पुसावे लागले. जन्मभर पुढे चालणारा हा माणूस आज पहिल्यांदा शेजारी येऊन उभा राहिला होता.

"असंच अजून एक आहे का?" त्यांनी कारागिराला विचारलं. "आम्ही दोघं शिकणार आहोत."