फुगली एकदाची!

आमच्या वहिनीने घरात एकच कायदा केला होता: ठकीच्या दंडाला कुणी हात लावायचा नाही. मी सख्खी आत्या, पण मलाही सूट नाही. दंडावर वाटाण्याएवढा तांबूस उंचवटा होता. पहिल्या डॉक्टरांनी "गाठ दिसतेय, भूल देऊन काढू, मग तपासू" म्हटलं, आणि त्या 'गाठ' शब्दाने वहिनीच्या तोंडचं पाणी पळालं. रांगायलाही न लागलेल्या पोरीला भूल!

आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवू, असा हट्ट मी धरला. भाऊ नेहमीसारखा "बघू" म्हणाला. त्याच्या 'बघू'वर विसंबलं तर तोवर पोरीचं लग्न व्हायचं! मीच वेळ घेतली.

डॉक्टरीणबाईंनी भिंगातून पाहिलं. "ही गाठ कधी फुगते का? लाल होते?"

"छे हो! आम्ही कुणाला हातच लावू देत नाही," वहिनी ऐटीत म्हणाली.

"मग कळणार कसं?" असं म्हणत बाई पेनाच्या मागच्या टोकाने उंचवटा हलकेच घासायला लागल्या. वहिनीने चक्क त्यांचं मनगट धरलं!

"अगं बाई, सोड!" मी म्हटलं. "डॉक्टर आहेत त्या, पाकीटमार नाहीत."

तिने सोडलं. आम्ही थांबलो. ठकी स्टेथोस्कोपची नळी चघळत बसली. आणि बघता बघता तो उंचवटा टरारून फुगला, भोवती लालभडक झालं. वहिनीचा चेहरा पांढराफटक.

"काय केलंत हो हे?"

"फुगली! वा गं माझे राणी!" बाई खूश. "घासल्यावर फुगणारी गाठ ही. क्वचित दिसते. पित्त उठतं ना अंगावर, ते उठवणाऱ्या पेशी इथे जरा जास्त जमल्यात, एवढंच. कॅन्सर नाही. पोरगी मोठी होईल तशी बहुतेक आपोआप विरेल. भूल नको, कापाकापी नको. मुद्दाम घासू नका, बाकी खुशाल खेळवा."

"नक्की ना?"

"अगदी नक्की."

मला तर तिथेच नाचावंसं वाटलं. दवाखान्याच्या जिन्यात आल्यावर वहिनीने ठकीला माझ्या हातात दिलं.

"ताई, धरा हिला," ती म्हणाली. "मला आता पोटभर रडायचंय."