बिनदाबाची ताटली

सकाळपासून माझं डोकं फिरलं होतं. तिसऱ्या ताटलीने दगा दिला होता.

गुडघ्याच्या हाडांवर जी गुळगुळीत गादी असते ती कूर्चा. तिच्या पेशी मी दोन वर्षं ताटल्यांमध्ये वाढवतेय आणि दाबतेय. यंत्राचा दट्ट्या सेकंदाला एकदा खाली येतो. दाब पडला की पेशीच्या पटलातली बारीक दारं उघडतात, कॅल्शियम आत शिरतं आणि केंद्रकापर्यंत निरोप जातो. दाब बेताचा असेल तर पेशी कोलॅजेन बनवते, त्यावरच तर गादी टिकते. अति झाला तर तीच पेशी कोलॅजेन कापणारी विकरं सोडते आणि आपलंच घर कुरतडते. एका ताटलीला हलका दाब, दुसरीला जबर, तिसरीला अजिबात नाही. ही तिसरी तुलनेसाठी. दोन वर्षं ती ठणठणीत होती.

त्याच जोरावर मी बाबांना बसवलं. बाबा शिंपी. चाळीस वर्षं पायाने शिवणयंत्र चालवलं. उजवा गुडघा दुखायला लागला तेव्हा डॉक्टर म्हणाले, झेपेल तितकं हलत राहा. मी फणकारले, "त्यांना काय कळतंय! रोज पेशी कोण बघतं, मी की ते? पाय अजिबात हलवायचा नाही." त्याला सात महिने झाले.

तीन आठवड्यांपूर्वी माझ्या मार्गदर्शक मॅडमनी इन्क्युबेटर उघडून विचारलं, "बिनदाबाची ताटली दट्ट्याच्याच फळीवर का ठेवतेस गं?"

"दुसरीकडे जागा नाही. पहिल्यापासून तिथेच असते."

त्यांनी माझा हात धरून फळीवर ठेवला. फळी थरथरत होती, सेकंदाला एकदा. अगं बाई! म्हणजे तिसऱ्या ताटलीला विश्रांती कधी मिळालीच नव्हती.

ताटली वेगळ्या इन्क्युबेटरमध्ये हलवली. आज आकडे आले. कोलॅजेन घसरलेलं, कापणारी विकरं वाढलेली. मॅडम म्हणाल्या, "ताटलीतल्या पेशी म्हणजे माणूस नव्हे. घाई करू नकोस." घाई मी सात महिन्यांपूर्वीच करून बसले होते.

भर दुपारी निघाले. अंगातला एप्रन रस्त्यात लक्षात आला. बसची वाट बघवेना म्हणून चालत सुटले. फोन दोनदा काढला, दोनदा आत टाकला. सांगणार काय, कपाळ?

बाबा खिडकीपाशी खुर्चीत होते. शिवणयंत्रावर चादर, चादरीवर रद्दी. मला बघून उठायला गेले आणि परत खाली बसले.

"आखडलाय जरा," ते ओशाळं हसले. "आज लवकर?"

मी उत्तर देणार तेवढ्यात त्यांच्या पायांकडे लक्ष गेलं. उजवं पाऊल डाव्याखाली दाबून धरलेलं.

"हे काय, बाबा?"

"मेला ऐकत नाही गं. बसल्या बसल्या यंत्र चालवल्यासारखा हलायला लागतो. म्हणून दाबून ठेवतो. सांगितलं नाही, तू रागावशील म्हणून."

मला रडूच फुटलं. जमिनीवर बसले आणि त्यांचं डावं पाऊल उचलून बाजूला ठेवलं.

"चुकलं माझं, बाबा. साफ चुकलं. उद्या डॉक्टरांकडे जाऊ. पण हा हलत असेल तर हलू दे."

"नक्की?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणेपर्यंत त्यांनी पाय हलवला नाही.