फटफटीचा डबा

अडकित्ता कटकन वाजला आणि इतका वेळ गप्प असलेलं घर एकदम जागं झालं. माजघरात मी कुसुमच्या वेणीला रिबन बांधत होते, माझे हात तिथंच थांबले. पुढच्या खोलीत मामंजी आणि हे जेवणं उरकून समोरासमोर बसले होते. मामंजींचा सगळा जन्म महसूल खात्यात गेला. कागदावर शेरा मारायच्या आधी ते सुपारी कातरत म्हणे. घरातही तसंच चालतं.

"तर नवी घ्यायची म्हणतोस," ते म्हणाले.

"हौ, अप्पा. जुनी आता ओढतच नाही. परवा पुलाच्या चढाला उतरून ढकलली मी. कुठं वीज गेली, तार तुटली, की मलाच धावायचं असतं. मध्येच बसली तर काय करू?"

"लढाईच्या आधीची गाडी आहे. चालली की इतके दिवस."

"म्हणूनच म्हणतो ना. नव्या मॉडेलला पुढं नळीत स्प्रिंगा बसवल्यात, तेल भरून. खड्ड्यातनं गेली तरी हाताला कळत नाही."

"हाताला कळायला नको?" मामंजी म्हणाले. "खड्डा आहे हे कळलंच नाही, तर माणूस सावध कसा होणार, मियाँ?"

हे हसले. मुलाला 'मियाँ' म्हणाले म्हणजे मामंजींचा विरोध नाही, एवढं मला कळलं. मग हे म्हणाले, "कोठी बाजारातले फटफटीवाले प्रतापराव जुनी बदल्यात घ्यायला तयार आहेत. डब्यासकट. उद्या संध्याकाळपर्यंत सांगायचंय, नाहीतर नवी दुसऱ्याला जाईल."

डब्यासकट. ते ऐकलं आणि माझ्या हातातली रिबन सुटली.

डबा म्हणजे फटफटीची साइडकार. हे नाव कुसुमनं ठेवलं. मी लग्न होऊन या सुलतान बाजारातल्या घरात आले, तेव्हा मामंजींनी शिंप्याला घरी बोलावून त्या साइडकारला चहूबाजूंनी हिरवा पडदा शिवून घेतला. वर लोखंडी कमानी, समोर जाळीची एवढीशी खिडकी. घरची सून उघड्या गाडीतून बाजारात दिसणार नाही आणि माहेरीही जाईल, अशी ती सोय होती. शेजारच्या सत्यवतीकाकू म्हणायच्या, "आमच्या नशिबी साधी रिक्षा. तुझी स्वारी काय बाई, नबाबाच्या मेण्यातून."

पोलीस ॲक्शनच्या आधीच्या, दंगलींच्या वर्षात तर तो पडदा मी आतून सेफ्टी पिनांनी बंद करून बसायची. कुसुम पोटाशी, आणि बाहेरचा प्रत्येक आवाज कान देऊन ऐकायचा. नबाबी जाऊन शहर पालटलं, त्याला आता वर्ष उलटून गेलंय. पण त्या दिवसांत मामंजींनी एक नियम केला होता, घरातल्या बाईनं भाड्याच्या रिक्षात किंवा टांग्यात एकटीनं बसायचं नाही. तो नियम कुणी मोडला नाही आणि कुणी मागेही घेतला नाही.

दर गुरुवारी मी मलकपेठला आईकडे जाते. तिला आता दिसत नाही. म्हणजे उजेड कळतो, माणूस कळत नाही. वहिनी चांगली आहे, पण तिला तिचीच चार पोरं. आठवड्यातून एकदा मी जाते, आईला न्हाऊ घालते, वेणी घालते. ती माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवते आणि म्हणते, वाळलीस गं. मग कुसुमचे गाल चाचपते आणि म्हणते, ही मात्र नाही वाळली. डबा गेला तर मी जाणार कशी? फटफटीवर ह्यांच्या मागे, उघड्यावर, भर बाजारातून? मामंजींच्या घरातली सून? ते कुणाच्या डोक्यातही येणार नाही, असं मला वाटत होतं.

ह्यांना विचारता आलं असतं. पण आठ दिवस हे नव्या गाडीबद्दल असे बोलत होते, जसं कुसुम जत्रेबद्दल बोलते. खांबावर चढून दिवसभर तारा जोडणारा माणूस. त्याच्या एवढ्या एका हौसेत मी आडवी कुठं येऊ? कुसुमला भरवताना मात्र, जुनीबरोबर डबाही जाईल या धास्तीनं, एकदा तोंडून निघून गेलं होतं की डबा गेला, तर आजीकडे कसं जायचं गं आपण.

आणि आणखी एक होतं, ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. चादरघाटच्या पुलावर गाडी आली, की मी पडदा बाजूला सारते. खाली मुसी, कोरडी असो नाहीतर भरलेली, धोब्यांचे कपडे वाळत पडलेले, अंगावर वारा. पूल संपून थोडं पुढं जाईपर्यंत. परतीच्या वाटेवर तसंच, आणि बाजार यायच्या आत पडदा पुन्हा खाली. पोलीस ॲक्शननंतरच्या पहिल्या गुरुवारी कुसुमला उलटी आली म्हणून सारला होता. पुढच्या गुरुवारी तिला काहीच झालं नव्हतं. ह्यांनी पाहिलं असणार. बोलले नाहीत. पुलावर गाडी जरा हळू चालते, एवढंच.

पुढच्या खोलीत अडकित्ता पुन्हा वाजला.

"कुसुम," मामंजींनी हाक मारली, "इकडे ये. आईला विचार, तिचं काय म्हणणं आहे."

मी मामंजींशी थेट बोलत नाही. भांडण नाही, रीत आहे. मला सांगायचं असेल ते मी कुसुमला सांगते, त्यांना सांगायचं असेल ते तेही कुसुमला सांगतात, आणि मधे फक्त एक उंबरा असतो. कुसुम व्हायच्या आधी घरात एक मांजर होतं, तेव्हा त्याच्याशी बोलायचो. पण माझं म्हणणं काय, हे आजवर कुणी मांजरामार्फतही विचारलं नव्हतं. फटफटीबद्दल तर नाहीच.

कुसुम उंबऱ्यावर येऊन उभी राहिली. एका वेणीला रिबन, एक मोकळी. "अप्पा विचारतात, तुझं काय म्हणणं."

मला खूप बोलायचं होतं. तोंडातून निघालं ते नेहमीचंच. "अप्पांना सांग, तुम्ही दोघं ठरवाल ते."

ती गेली. मी रिबनीची गुंडाळी करत बसले. तिनं निरोप सांगितला, "आई म्हणते, तुम्ही दोघं ठरवाल ते." आणि मग, कुणी विचारलं नसताना, स्वतःच्या मनानं पुढं म्हणाली, "पण डबा देऊ नका, अप्पा. डबा गेला तर आजीकडे कसं जायचं? आणि पुलावर आई पडदा काढते ना, तेव्हा नदी दिसते. मला म्हशी मोजायच्या असतात."

मला वाटलं, जमीन फाटावी. लहान पोराला घरातलं सांगू नये म्हणतात, पण मी सांगितलं कुठं होतं? ती माझ्या मांडीवरच बसलेली असायची.

"आईला सांग," मामंजी सावकाश म्हणाले, "मला ठाऊक आहे."

कुसुमला यायची गरजच पडली नाही. मी सगळं ऐकत होते.

"तुम्हाला कसं ठाऊक, अप्पा?" हे म्हणाले. ह्यांचा आवाज माझ्याइतकाच घाबरलेला होता.

"गुरुवारी मी कुठं असतो?"

"हिम्मतरावांकडे. बुद्धिबळाला."

"आणि हिम्मतरावांची गॅलरी कुठं उघडते? पुलावर. तुझी फटफटी तर दोन मैलांवरून ऐकू येते. पहिल्यांदा दिसलं तेव्हा माझा वजीर मेला. तेव्हापासून आवाज आला की मीच उठून चिकाच्या पडद्याआड होतो. पोरीची नजर वर गेली आणि मी दिसलो, तर बिचारी पुन्हा पडदा ओढून घेईल. हिम्मतराव हसतात मला. म्हणतात, केशवराव, तुमच्या घरात नक्की पडदा पाळतं कोण?"

हिम्मतरावांचं घर पुलाजवळ आहे, हे मला इतक्या वर्षांत कळलंच नव्हतं. पडद्यातून जाणाऱ्या बाईला लोकांची घरं कुठून ठाऊक असणार?

हे मोठ्यानं हसले, आणि मग म्हणाले, "अप्पा, मी तर पुलावर गाडी हळू करायचो. आणि तुम्हाला कळलं तर काय, या धास्तीनं मागं वळून बघायचो."

"ते पण बघितलंय मी. पुढं बघून चालवत जा. म्हणे नव्या गाडीला खड्डा कळत नाही."

मी उंबऱ्यापर्यंत आले होते. कधी आले, ते कळलं नाही. ह्यांनी मला पाहिलं आणि मामंजींच्या समोरच, कुसुमला मधे न घालता, म्हणाले, "अगं, मग डबा जातोय हे ऐकून बोलली का नाहीस? मला वाटलं, तुला त्या हिरव्या अंधारात गुदमरतं. म्हणून तर डब्यासकट द्यायला निघालो होतो. म्हटलं, सहा महिने लागले तरी अप्पांना विनवीन, पण तुला मागे मोकळ्यावर बसवीन."

सहा महिने. तेवढे माझे गुरुवार बुडतील, हेसुद्धा ह्यांनी मनात धरलं होतं, फक्त मला सांगितलं नव्हतं. मला हसू आलं, आणि डोळेही भरले. पदर तोंडाला लावून मी कुसुमकडे पाहिलं. "कुसुम, अप्पांना सांग," मी म्हणाले, आणि आवाज जरा नीट केला. "नवी गाडी जरूर घ्यावी. पण मागे बसायची मला भीती वाटते. पोर मांडीवर असतं. डबा नव्या गाडीला लागत असेल तर बघावं. आईकडे जायचं असतं मला."

कुसुम मामंजींकडे वळली, पण ते आधीच मान हलवत होते. "सांगायचं राहू दे. ऐकलं मी. दिगंबर, लागतो का?"

"बिजागऱ्या बदलून घ्याव्या लागतील. प्रतापराव करून देतील. त्यांना डब्याची तशी हौस नाहीच, ठेवायला जागा नाही म्हणत होते."

"मग झालं. जुनी फटफटी त्यांची, डबा आपला. खैर." मामंजींनी सुपारीचे तुकडे पानात घातले. "आणि पडदा काढून ठेवा. नव्या गाडीला जुनं लुगडं बरं दिसत नाही."

एवढंच. इतक्या वर्षांचा पडदा, आणि त्यांनी तो पान तोंडात घालता घालता काढला. त्या दुपारी मी भांडी घासणाऱ्या गंगूच्या हातातून तवा घेऊन स्वतःच घासला, उगाचच. ती म्हणाली, "क्या हुआ बाई, आज लई खुश?" मी म्हटलं, काही नाही.

नवी फटफटी गुरुवारी आली, काळी, टाकीवर चंदेरी पट्टी. शेजारी आमचा जुना डबा, कमानी काढलेला, उघडा. तो नव्या गाडीला जरा ठेंगणा दिसत होता. सत्यवतीकाकू दारात उभ्या होत्या. "मेण्याचं छप्पर उडालं वाटतं," त्या म्हणाल्या. आणि लगेच, "मला पण एकदा बसवशील का गं?"

बाजारातून जाताना मी मान खाली घालून बसले. कोठीपर्यंत तशीच. मग लक्षात आलं, कुणीच बघत नव्हतं. कापडवाले कापड फाडत होते, एक माणूस सायकलवर कोंबड्या नेत होता. जे बघत होते, ते गाडीकडे. खड्डे येत होते आणि ह्यांच्या हाताला कळत नव्हते. डब्यातल्या माझ्या पाठीला सगळे कळत होते, पण मी तक्रार केली नाही. आईला सांगायला आज बरंच होतं. तिला दिसणार नाही, पण माझे केस वाऱ्यानं विस्कटलेत, हे तिच्या हाताला लागेल.

पुलाच्या तोंडाशी गर्दीत गाडी थांबली. शेजारी एक रिक्षा उभी होती, चहूबाजूंनी निळा पडदा ओढलेली. पडद्याच्या खालून एका बाईचे पाय दिसत होते, जोडवी घातलेले, आणि त्यांना टेकलेले एका लहान मुलीचे पाय. आमच्याकडच्या बाजूचा पडदा आतून बोटभर सरकला. एक डोळा दिसला, कुसुमला पाहून थांबला, आणि पडदा पुन्हा मिटला.

कुसुमनं त्या रिक्षाकडे बघत माझा पदर ओढला.

"आई, त्यांच्या अप्पांना ठाऊक आहे का?"