गुळाचा रूळ

रूळ वितळला. शाईची चिकट काळी धार छपाईच्या खिळ्यांवर ओघळली, करपलेल्या गुळाचा वास पत्र्याच्या खोलीत भरला, आणि माझा धाकटा भाऊ यशवंत हातातला कोरा कागद तसाच उंच धरून उभा राहिला. वर चैत्राचं ऊन पत्रा भाजत होतं.

"अक्का, पाय थांबव," तो म्हणाला.

छपाईचं यंत्र पायानं चालायचं आणि तो पाय माझा असायचा. खटका बंद पडला तेव्हा कळलं, मुरुम गावातली आमची गल्ली किती मुकी झाली होती. गुरं विकून झाली होती. चिमण्याही कुठंतरी निघून गेल्या होत्या.

अंक अर्धाही छापला नव्हता. बहात्तरच्या दुष्काळात लग्नपत्रिका छापायला कोणी येईना, तेव्हा यशवंतानं 'ढेकूळ' काढायला घेतलं. मासिक म्हणायचं, पण कागद मिळेल तेव्हा निघायचं. हा अंक सगळा खडी फोडणाऱ्या बायांचा होता. गावाबाहेरच्या दुष्काळी कामावर त्या दगड फोडताना जे म्हणायच्या, गायच्या, शिव्या द्यायच्या, ते यशवंतानं उतरवून आणलं होतं. बाजाराच्या दिवशी ते काम बंद होणार होतं. कोणी माकणीकडं जाणार, कोणी पार सोलापूरकडं. त्या पांगायच्या आत अंक हातात देतो, असा शब्द तो देऊन बसला होता. बाजार परवावर आला होता.

माझी शाळा चौथीपर्यंत. खायला नसताना कविता कशाला लागते, हे मला तेव्हा समजत नव्हतं, म्हणून मी त्याला बघत बसायची. तो खिळे जुळवायचा तेव्हा ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. वाळलेल्या शेंगेत बी हलावं तसं काहीतरी त्याच्या गळ्यात हलत असायचं. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं. ते वाचून वाचून त्याला माणसाकडंही उलट बाजूनं बघायची सवय लागली होती. बाई भुकेचं सांगू लागली की हा विचारायचा, तुझ्या हातोडीचा दांडा कशाचा आहे? बाई आधी हसायची. मग खरं बोलायची.

रूळ म्हणजे खिळ्यांना शाई लावणारं लाटणंच. सरस, म्हणजे हाडाचामड्याचा चिकट डिंक, आणि गूळ एकत्र शिजवून, लोखंडी नळीत ओतून तो घरीच करायचा असतो. सरस होता. गुळाची एकच ढेप घरात होती, ती शांताची. शांता यशवंताची बायको, पडद्यामागं बाजेवर होती, ओली बाळंतीण. तिच्या बापानं ढोकीहून ढेप पाठवली होती, पोरीला दूध यावं म्हणून.

यशवंत पडद्याकडं बघत नव्हता. न बघण्याचीसुद्धा एक तऱ्हा असते, ती लपत नाही.

"गूळ हाय न्हवं घरात?" पडद्यामागून शांता म्हणाली.

"तो तुझा हाय."

"माझा हाय म्हणून मीच म्हणतेय. दुसरं कोण म्हणंल?"

मला राहवलं नाही. "आन् दूध यायचं कशानं? कवितेनं?"

"वन्सं, तुमी पाय मारा. दुधाचं माझं मी बघते. त्या बायास्नी ह्यांनी शब्द दिलाय. उद्या त्या म्हणतील, ह्यो बी सरकारातलाच निघाला."

यशवंत हसला. मग उठला, ढेप फोडली, आणि तिथंच त्यानं घोळ केला. शांताला जास्त उरावा म्हणून त्यानं गूळ कमी घातला आणि सरस वाढवला. मला ते दिसलं. मी चुलीत लाकूड सारलं. मलाही तेच हवं होतं.

ओतलेला रूळ गारव्यात आळू द्यावा लागतो, आणि त्या उन्हाळ्यात गारवा फक्त एका जागी होता. आमच्या आडात. पाणी केव्हाच आटलं होतं, पण तळाला अंधार होता आणि अंधारात थोडी ओल. ज्या दोरानं पाणी वर यायचं, त्याच दोरानं आम्ही ती नळी खाली सोडली.

सकाळी रूळ निघाला तो टणक. गूळ कमी पडला की रूळ मऊ राहत नाही, शाई धरत नाही. अक्षरं अर्धी उठली. पाणी लावलं तर रूळ बिघडतो. यशवंतानं क्षणभर बघितलं, मग वाकला आणि रुळावर तोंडाची वाफ सोडली, आरशावर सोडतात तशी. रूळ जरा ओलावला. एक कागद नीट निघाला. पुन्हा वाकला. मी पाय मारायची, तो वाकायचा. खटका आणि श्वास, खटका आणि श्वास. सकाळचा उजेड दारातून आत सरकत होता आणि त्याच्या ओठांना शाई लागत होती. माणूस असा वाकून कशावर श्वास घालतो, हे मी त्याआधी फक्त चुलीपाशी बघितलं होतं.

बाजारात बाया आल्या. एकीनं अंक हातात उलटासुलटा केला.

"माझं कुठाय?"

यशवंतानं बोट ठेवलं. "हे बघा."

"एवढुसं? म्या तर लई लांब म्हणलं हुतं!"

"तुमी मधीच शिव्या घातल्या, त्यात जागा गेली," यशवंत म्हणाला.

"मग शिव्या ठेवल्या न्हवं?"

"ठेवल्या."

तिनं अंकाची घडी घालून कमरेला खोचली आणि ती गेली. त्यातली एकही बाई मला पुन्हा दिसली नाही.

शांताचं दूध पुढं आटलं. गुळानं आटलं की दुष्काळानं, मी कितीदा विचार केला, मला सांगता येत नाही. शांताला विचारलं तर म्हणते, "सोडा वन्सं." पोर शेजारच्या शेळीच्या दुधावर वाढली. अंकाची एक प्रत माझ्यापाशी आहे. काही ओळी गडद आहेत, काही फिक्या. गडद ओळीवर त्याचा श्वास पडला होता, एवढं मला कळतं.

त्या उन्हाळ्यातून यशवंत, शांता, त्यांची पोर आणि मी, असे आम्ही चौघं जगलो. आता तिघी आहोत.