सातवा

ही १९७४ सालची गोष्ट. त्या वर्षी मार्च लागला तरी तात्राच्या डोंगरावरून येणारा वारा थांबला नव्हता, आणि आमच्या कागद कारखान्याचा बर्फावरच्या हॉकीचा संघ वरच्या लीगच्या उंबरठ्यावर उभा होता. गावात दुसरा विषय नव्हता. मला मात्र लीगचं काही पडलेलं नव्हतं. माझा जीव इम्रिखच्या उजव्या डोळ्यात अडकला होता.

इम्रिख माझा नवरा. ऐन तारुण्याची सगळी वर्षं तो या संघात बचावाला खेळला. मग एकदा सरावात खेळाची रबरी चकती गोलच्या खांबावर आपटून उलटली आणि त्याच्या डाव्या डोळ्यावर बसली. कोशित्से शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, हा डोळा गेल्यात जमा आहे, आता उजवा जपा; पुन्हा दणका बसला तर मी काही सांगू शकत नाही. इम्रिख म्हणायचा, डाव्याला सावल्या दिसतात, माणूस आला-गेलेला कळतो. क्लबनं ते खरं मानलं आणि त्याला कोच केलं. खेळाडूंमधलं त्याचं नाव तसंच ठेवलं. लहान क्लबांत ती रीतच होती. कोच कोट-टोपी घालून कठड्यामागे उभा राहायचा, आणि माणूस कमी पडला की कोट काढून स्वतःच उतरायचा.

उतरणार नाही असं त्यानं मला वचन दिलं होतं. पण स्केट्सची पिशवी दर सामन्याला बरोबर निघायची.

"असू दे गं," म्हणायचा, "छत्री नेली की पाऊस येत नाही."

त्यामुळे सामन्याला गेले की लोक फलकाकडे बघायचे आणि मी त्याच्या पायांकडे. बूट दिसले की श्वास सुटायचा. घरीही मला चैन नसे. सूप वाढताना पाव मुद्दाम त्याच्या डावीकडे ठेवायची. कधी हात नेमका पावावर जायचा, कधी टेबलक्लॉथ चाचपडायचा. विचारलं तर हसायचा, मी जेवायला बसलोय की तपासणीला, म्हणायचा.

शेवटचा सामना रविवारी दुपारी होता. बरोबरी झाली तरी आम्ही वर जाणार होतो. माझ्या शेजारी सासूबाई, जोफिया, गुडघ्यांवर घोंगडी आणि मांडीवर रम घातलेल्या चहाचा थर्मास घेऊन बसल्या होत्या. डोळ्याचं प्रकरण त्यांनी कधी मनावर घेतलंच नव्हतं. त्यांच्या वडिलांनी म्हणे एका डोळ्यावर जन्मभर मेंढरं राखली आणि एकही हरवलं नाही.

"मेंढरं अंगावर धावून येत नाहीत, आई," मी म्हटलं.

"तू आमची मेंढरं पाहिली नाहीस."

तीन भागांपैकी दुसऱ्या भागात दोन-दोन अशी बरोबरी झाली, आणि त्याच सुमाराला आमचा टिबोर कठड्यावर आदळला. खांद्याचं हाड मोडलं. त्याला धरून बाहेर नेत होते आणि मी, खरं सांगायचं तर, इम्रिखच्या पायांकडे बघत होते. बचावाची जोडी तुटली होती. मध्यंतर झालं. इम्रिख बोगद्यातून खेळाडूंच्या खोलीत गेला आणि त्याच्यामागून सामानवाला ती पिशवी घेऊन गेला.

मला उठून जावंसं वाटलं. पण सामना चालू असताना बाईनं खेळाडूंच्या खोलीच्या दाराशी जाणं म्हणजे गावानं वर्षभर नावं ठेवणं. हरलो असतो तर माझ्यामुळेच हरलो असतो. सासूबाईंनी मला चहा दिला. तो हातातच गार झाला.

आत काय झालं ते ब्लाझेयनं मला पुढे सांगितलं. ब्लाझेय कोस्त्का संघाचा कप्तान, इम्रिखबरोबर लहानपणापासून खेळलेला. इम्रिखनं एक स्केट चढवला होता, दुसरा उचलायला वळला तर तो ब्लाझेय हेल्मेटखाली झाकून पोटाशी धरून बसलेला.

"दे इकडे," इम्रिख म्हणाला.

"एका पायावर खेळ. एका डोळ्यानं खेळणारच आहेस, पायानं काय घोडं मारलंय?"

"ब्लाझो, मी कोच आहे."

"मग कोचासारखा उभा राहा. तू बर्फावर आलास तर मी उतरतो. मग बघ, तुझ्याकडे किती माणसं उरतात."

इम्रिखनं चढवलेला स्केट काढला.

तो बाहेर आला तेव्हा पायांत बूट होते. मी देवाचं नाव घेतलं, जे त्या काळी सरकारच्या धाकानं मोठ्यानं घ्यायचं नसे. सासूबाई पुटपुटल्या, पोरगा भित्रा निघाला.

हॉकीत माणसं बदलायला खेळ थांबत नाही. मिनिटभर जीव तोडून धावलेला गडी कठड्याशी येतो, आणि तो आत येतो न येतो तोच दुसरा कठड्यावरून उडी टाकतो. बर्फावर गोलकीपर धरून सहाच. सातवा दिसला की शिक्षा, एक गडी दोन मिनिटं बाहेर. तिसऱ्या भागात आमचे उरलेले बचावपटू आळीपाळीनं असे उडी मारत होते आणि धापा टाकत परतत होते. इम्रिख त्यांच्यामागे उभा राहून हाका घालत होता. त्याचा उजवा पाय लाकडी फळीवर सारखा हलत होता, ते मला वरून दिसत होतं.

शेवटची दोन-तीन मिनिटं राहिली. गेझा, आमचा सगळ्यात धट्टाकट्टा बचावपटू, वाकून कठड्याकडे आला. इम्रिख ओरडला, "बदल!" गेझाच्या जागी जाणाऱ्या पावोलनं उडी मारली. आणि त्याच्याबरोबर इम्रिखनंही मारली.

कोट, टोपी, चामडी बूट. हात कठड्यावर टेकून, अंगाच्या सवयीनं, अगदी सफाईनं, जशी हजारदा मारली असेल तशी. बघते तर त्याच्या हातात काठी नव्हती आणि पायाखाली बर्फ होतं. समोरच्या संघाचा एक लांबड्या पायांचा पोरगा चकती घेऊन डावीकडून भरधाव येत होता. आम्हा सगळ्यांना तो दिसत होता. इम्रिख मात्र उजवीकडे बघत उभा होता. मी ओरडले की नाही, आठवत नाही. तो पोरगा शेवटच्या क्षणी अंग चोरून बाजूनं निसटला आणि त्या झोतानं इम्रिख मागच्या मागे बसला. टोपी घरंगळत गेली.

इम्रिखनं उठायचा प्रयत्न केला, बूट घसरले, पुन्हा बसला. मग एक जण हसला, आणि मग सगळेच. मी तेवढी हसले नाही. तो डोकं वळवून शोधत होता, आपल्या बाजूनं गेलं ते काय होतं.

दोन मिनिटांची शिक्षा झाली. एक माणूस कमी, थकलेले पाय. त्यांनी गोल केला, आणि आम्ही खालीच राहिलो.

संध्याकाळी तो स्वयंपाकघरात कोट न काढताच बसला. सासूबाईंनी कोबीचं सूप गरम केलं. इम्रिखनं चमचा हातात घेतला आणि मला विचारलं,

"विल्मा, तो आला कुठून?"

"डावीकडून."

"मला फक्त वारा लागला." त्यानं चमचा खाली ठेवला. "सावल्या-बिवल्या काही दिसत नाहीत गं. पहिल्या दिवसापासून काळोख आहे."

मला ते ठाऊक होतं. मी पाव उचलून त्याच्या उजवीकडे ठेवला. सासूबाई चुलीकडे तोंड करून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मला का नाही सांगितलंस? मी काय लोकांना सांगत फिरले असते?" आणि अ‍ॅप्रनला डोळे पुसून पुन्हा सूप ढवळू लागल्या.

सोमवारी क्लबच्या समितीपुढे तो स्वतःच उभा राहिला आणि म्हणाला की मला एक डोळा नाही, माझं नाव खेळाडूंतून काढा. कोच ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. अध्यक्षांना त्याला घालवायचंच होतं. ब्लाझेयनं शांतपणे विचारलं, त्या पगारात दुसरा कोण येणार आहे, तुम्ही येता का? त्यावर विषय मिटला.

त्यानंतर कुठल्याही मैदानावर गेलो तरी प्रेक्षक ओरडायचे, "सातव्या, टोपी सांभाळ!" पहिलं वर्ष इम्रिखच्या कानशिलावरची शीर उडायची. पुढे तो टोपी काढून त्यांना दाखवू लागला.

संघ वर गेला तो आणखी चार वर्षांनी. इम्रिखनं कारखाना बंद होईपर्यंत कोच म्हणून काम केलं. चकतीला त्यानं परत काठी लावली नाही. उजवा डोळा शेवटपर्यंत टिकला. २००३ साली हृदय थांबून तो गेला, त्या सकाळी त्यानं चष्म्याशिवाय पेपर वाचला होता. ब्लाझेय आधीच गेला होता, यकृताच्या आजारानं. टिबोरचा खांदा कधी सरळ झाला नाही. तो शाळेत भूगोल शिकवायचा. गेझा ऑस्ट्रियात पळाला आणि तिथे छपरं घालायचा धंदा काढला. पावोल अजून आमच्या गल्लीत राहतो, कुबड्या घेऊन चालतो आणि त्या दिवशी पंचांची शिट्टी चुकीची होती असं अजूनही भांडतो. तो लांबड्या पायांचा पोरगा कोण होता, मला कधी कळलं नाही. सासूबाई ब्याऐंशीच्या होऊन वारल्या. माझे दोन्ही डोळे आता मोतीबिंदूनं धुरकटलेत. मुलगी म्हणते शस्त्रक्रिया करून घे, आणि मी दर वेळी सांगते, डॉक्टरांना म्हणावं, आधी एकाच डोळ्याची करा, आणि दुसरा टिकेल याची मला खात्री द्या.