फरशीवरची करंजी

क्रांतीचं पत्र गेल्या वर्षी जानेवारीत आलं आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. सांगलीचं पत्र साताऱ्याला दोन-तीन दिवसांत पोचतं. मी पंधरा महिने घेतले.

पत्र लहानच होतं. “पप्पा, फोनवर तुम्ही विषय बदलता म्हणून लिहितेय. एस्तेर म्हणते, ती पाय घसरून पडली. डॉक्टर म्हणतात, हात पिळल्याशिवाय मनगट असं मोडत नाही. तुम्ही सांगाल ते मी खरं मानेन. पण सांगा. तोवर तिला तुमच्याकडे पाठवणार नाही.”

एस्तेर माझी नात, तेव्हा आठ वर्षांची. ती खोटं बोलत होती, माझ्यासाठी.

मला साखरेचा आजार आहे. डाव्या पायाची दोन बोटं त्यातच गेली, तेव्हापासून चालायला काठी लागते. तरी गोड दिसलं की आधी तोंडाला पाणी सुटतं, मग कानशिलं ठणकतात, आणि मग मधे येणारा माणूस मला माणूस वाटत नाही. एरवी मी कुणाशी मान वर करून बोलत नाही. शाळेच्या ग्रंथालयात तीस वर्षं काढली, तिथे मुलांना ‘हळू बोला’ हेही मी हळूच सांगायचो.

पत्राच्या आधीच्या नाताळला दोघी माझ्याकडे आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी क्रांती शेजारी फराळ द्यायला गेली होती. मी डबा उघडला. पहिली करंजी तोंडात कोंबली, दुसरी उचलली, तेवढ्यात एस्तेरने ती हिसकावली.

“आजोबा, नको ना. मम्मी रडते तुम्ही खाल्लं की.”

मी तिचं मनगट धरून पिळलं. बारीक आवाज झाला. पोरीने तोंड उघडलं, पण त्यातून काहीच निघेना. करंजी फरशीवर पडली.

मी आधी करंजी उचलली. खाल्ली. मग पोरीला उचललं.

मोडलेल्या हाडाबद्दल मला कदाचित लिहिता आलं असतं. राग आला, चूक झाली, असं काहीतरी. ती करंजी लिहिता येईना.

यंदा ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात मी गोडाचा कण खाल्ला नाही. पहाटे गुडघे टेकायचो. वासना उसळली की मोठ्याने स्तोत्रं म्हणायचो. ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी पाळकांनी मला चर्चमध्ये मंडळीपुढे साक्ष द्यायला उभं केलं. प्रभूने मला गोडापासून सोडवलं, असं मी म्हणालो. लोक ‘आमेन’ म्हणाले. एस्तेरचं नाव मी घेतलं नाही. खाली बसताना वाटलं, आता क्रांतीला लिहिता येईल. मी बरा झालो, पोरीला पाठव. मनगटाचा विषय काढायलाच नको.

बुधवारी सकाळी शेजारचे नाथाजी आले. ते निवृत्त सुभेदार. नातू यशराज सैन्यात भरती झाला म्हणून कंदी पेढ्यांचा बॉक्स घेऊन आले होते.

“मास्तर, आ करा!”

“नको नाथाजी, माझा उपवास आहे.”

“आवं, नातू फौजेत चाललाय माझा, आन् तुमी नव्या नवरीवानी लाजताय व्हय? आ करा म्हंतो!”

त्यांनी गाल दाबून पेढा तोंडात घातलाच. चाळीस दिवस मोडायला तेवढा एक पुरला. भाजक्या खव्याचा वास डोक्यात चढला. मी बॉक्समध्ये हात घातला. दोन पेढे. आणखी तीन. नाथाजी हसत होते, ते थांबले.

“बास, बास! साखर हाय तुमाला, इसरलोच की मी.” त्यांनी बॉक्स मागे ओढला. “मराल की हो!”

मी काठी उचलली. पहिला फटका त्यांच्या भुवईवर बसला. दुसरा कानावर. ते खाली कोसळले तरी तिसरा खांद्यावर घातला. रक्त डोळ्यात उतरलं, सदऱ्यावर ठिबकू लागलं. तो सत्तरीचा फौजी दोन्ही हात डोक्यावर धरून माझ्या दारात बसला होता आणि पेढे फरशीवर विखुरले होते.

मला पेढेच दिसत होते. रक्ताच्या पलीकडे एक होता, त्याला डाग लागला नव्हता. तो मी हेरलाही होता. हात निघाला.

“प्रभू, हा हात धर!” मी ओरडलो. ती प्रार्थना होती की भीती, मला अजून ठरवता आलेलं नाही. हात थांबला नाही. पेढ्याच्या पुढे गेला आणि नाथाजींच्या कपाळावर टेकला. मी खिशातला रुमाल जखमेवर दाबला.

“लय जोर हाय की मास्तर,” ते कण्हत म्हणाले. “दुश्मनानं बी एवढं न्हाई हाणलं कवा. आन् ते बी पेढ्यापायी?”

“करंजीपायी नातीचं मनगट मोडलंय मी.”

हे मी पहिल्यांदाच मोठ्याने बोललो. नाथाजी एका डोळ्याने बघत राहिले.

“त्या एवढ्याशा पोरीचं?”

“हो. आणि आधी खाली पडलेली करंजी खाल्ली. मग तिला उचललं.”

त्यांनी माझा हात झटकला आणि रुमाल स्वतःच धरला. “मला कशाला सांगताय? मी काय तिची आई हाय व्हय?” भिंतीला धरून उठले. “आन् ही काठी मी नेतोय.”

दवाखान्यात चार टाके पडले. मी शेजारी उभा होतो. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा नाथाजींनी स्वच्छ सांगितलं, “ह्यांनी मारलं.” मी मान हलवली.

गुरुवारी संध्याकाळी चर्चमध्ये प्रभुभोजन होतं. भाकर घेण्याआधी पाळक दोन मिनिटं शांतता ठेवतात, ज्याने त्याने स्वतःला तपासावं म्हणून. पंधरा महिने त्या दोन मिनिटांत मी एवढंच तपासत होतो, गोड खाल्लं की नाही. गुरुवारी सकाळी कागद घेऊन बसलो.

“प्रिय क्रांती,

एस्तेर घसरली नाही. तिने माझ्या हातातली करंजी हिसकावली म्हणून मी तिचं मनगट पिळलं. करंजी खाली पडली, ती मी आधी खाल्ली, मग पोरीला उचललं. काल पेढ्यांसाठी नाथाजींना काठीने मारलं. मी बरा झालो असं मंडळीत म्हणालो होतो, ते आज उभं राहून मागे घेणार आहे. एस्तेरला पाठवू नकोस. तिला सांग, आजोबांसाठी खोटं बोलायचं आता काही कारण उरलं नाही.

पप्पा”

काठी नव्हती. कोपऱ्यापर्यंत भिंती धरत गेलो. बारा वाजता टपाल उचलतात. अकरा वाजून दहा मिनिटांनी मी पत्र पेटीत टाकलं.