वनमालेच्या मुठीतला मासा

मी एक जुना लाकडी मासा आहे, मित्रांनो. समुद्रातला नव्हे, खेळण्यांसाठी नावाजलेल्या निर्मल गावचा. तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिराने मला हलक्या लाकडातून कोरलं, चिंचोक्याच्या खळीने माझं शेपूट चिकटवलं आणि अंगभर सोनेरी खवले रंगवले. त्याने समुद्र कधी पाहिला नव्हता. मीही नाही.

निजामाच्या अमलातली गोष्ट. बोथच्या तहसील कचेरीतले कारकून यशवंतराव यांनी मला विकत घेतलं आणि आपल्या आठ वर्षांच्या वनमालेला दिलं. वर्षभर माझे फार लाड झाले. घरी येणारा प्रत्येक जण मला हातात घेऊन वाहवा करी.

मग उन्हाळ्यात वनमालेला देवी आल्या.

अंगभर फोड उठले. पापण्या सुजून मिटल्या. वैद्य उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "तोंडाले हात लावू देऊ नका. डोळ्यात नख गेलं तर मंग काई इलाज नाही." कुणी म्हणालं, हात बांधून ठेवा. पण तिच्या आईला, जयवंताबाईंना, ते बघवेना. त्यांनी लेकीच्या दोन्ही मुठींत मला दिलं.

"याले सोडू नको, बाई. हा मासा तुले दर्याच्या तळाले घेऊन जाणार हाये. हात सुटला तर वाटेतच हरवशील."

"तिथं काय हाये, आई?"

जयवंताबाई सांगू लागल्या. तिथे शिंपल्यांचं गाव आहे, घराघरांत मोत्याचे दिवे आहेत. आठ हातांची एक म्हातारी एकाच वेळी आठ भाकरी थापते. एक कासव इतकं मोठं की त्याच्या पाठीवर बाजार भरतो. ऐकता ऐकता वनमालेची नखं माझ्या अंगात रुतत. चेहरा ओरबाडण्याऐवजी ती माझे खवले ओरबाडी. माझा सोनेरी रंग तिच्या नखांत भरला, पण मला त्याचं दुःख नव्हतं.

पाचव्या दिवशी गोष्टी संपल्या. समुद्र न पाहिलेली बाई तरी किती रचणार? वनमालेचा एक हात सुटला आणि उजव्या डोळ्यावर गेला. जयवंताबाई ओरडल्या, "अहो, हिचे हात धरा!" यशवंतराव धावत आत आले. जयवंताबाई तशाच दारात गेल्या आणि रिकाम्या गल्लीला हाका मारू लागल्या, "कोणी दर्या पाह्यला का हो? कोणी तरी सांगा!"

शेजारची दारं बंदच राहिली. पण कचेरीतले म्हातारे चपराशी उस्मानमियां कुंपणापाशी आले. ते मुंबईहून जहाजाने हजला जाऊन आलेले. त्यांनी तिथूनच मोठ्याने सांगितलं, "मैं देखा, बेटी! परांवाली मछल्यां देखा. पानी में से निकलके जहाज के बाजू उडतीं!"

वनमालेचे हात पुन्हा माझ्यावर आवळले. उस्मानमियां रोज कचेरी सुटली की येत, आणि जयवंताबाई त्यांच्या समुद्रात आपली जादू मिसळत.

आठव्या दिवशी भर दुपारी ताप डोक्यात गेला. वनमाला पुटपुटली, "आई, मी आता खालीच राह्यते. इथं थंड हाये. वर लय आग हाये."

जयवंताबाई हादरल्या. लेकीला धरून ठेवायला सांगितलेली गोष्टच तिला घेऊन चालली होती. त्यांनी मुठींसकट मला गच्च पकडलं. "माशा, नेलं तसं आण माह्या लेकीले!"

मित्रांनो, मी लाकूड. इतकं असहाय मला कधी वाटलं नव्हतं.

मग त्या स्वतःच गोष्टीत खाली उतरल्या. "वने, मी आली पाह्य. माहा पदर धर. आता वर पाय मार. हे शेवाळ मागं गेलं. हे शिंपल्यांचं गाव गेलं. पाय मार, बाई!" घसा बसला तरी त्या थांबल्या नाहीत. दिवस कलता कलता चादरीखाली वनमालेचे पाय खरोखरच हलू लागले. कपाळावर घाम आला.

"आई, पाणी," ती म्हणाली.

ती जगली. उजवा डोळा मात्र गेला. अंथरूण जाळलं, मलाही जाळायला काढलं. वनमालेने आकांत केला, तेव्हा जयवंताबाईंनी मला कडुलिंबाच्या पाण्यात उकळून घेतलं. उरलासुरला रंगही गेला. पुढे मला कुणी हातात घेईना, आणि चेहरा वणांनी भरलेल्या वनमालेशी कुणी खेळेना.

हिवाळ्यात देवी टोचणारा माणूस बोथला आला. लोकांनी भीतीने मुलं घरात लपवली. वनमाला मला घेऊन दारोदार फिरली. "हा डोळा पाहा आन् मंग ठरवा," ती मोठ्यांना म्हणे. मुलांच्या एका हातात ती मला देई, दुसरा दंड पुढे करायला लावी आणि टोचून होईपर्यंत दर्याची गोष्ट सांगे. शेजारच्या सोनाबाईंनी मात्र दार लावून घेतलं. "माही पोरगी मरून जाईन!" त्या आतून रडत होत्या. वनमाला पायरीवर बसून बंद दाराला गोष्ट सांगू लागली.

मित्रांनो, मला पुन्हा रंग देता येईल, पण वनमालेचा डोळा परत येणार नाही. रोग दारी येण्याआधी टोचून घ्या. घरात कुणी आजारी पडलंच, तर त्याला एकटं टाकू नका. रंग गेलेला हा मासा तुमच्याकडे एवढंच मागतो.

सोनाबाईंनी त्या दिवशी दार पूर्ण उघडलं नाहीच. पण टोचणारा माणूस पेटी आवरत असताना दाराच्या फटीतून, बाही वर सारलेला एक लहानसा हात बाहेर आला. वनमालेने तो घट्ट धरला.